पोटमाळ्यावरचे ग्रंथ

१९८१ साली अधिव्याख्यातापदाच्या मुलाखतीत मला पहिलाच प्रश्न विचारला गेला, तो "आपला नेमका विषय कोणता?" असा होता. माझ्या अर्जात एम.ए.चा प्रबंध बखरगद्यावरचा होता, पालीचे प्रमाणपत्र होते, मोडी वाचता येत असल्याचा उल्लेख होता आणि पाश्चात्त्य वास्तववादावर एका नियतकालिकात छापून आलेला एक कच्चा लेखही जोडलेला होता. मी उत्तराची जुळवाजुळव करीत असतानाच समितीतील एक सदस्य हसून म्हणाले, "हे तर किराणा दुकान दिसते." नोकरी मिळाली, पण तो शेरा पुढे जन्मभर सोबत राहिला. तो अगदीच अन्याय्य होता असे आज मला वाटत नाही. एका विषयात खोल उतरण्याची शिस्त माझ्या अंगी नव्हती. एका विषयातला प्रश्न मला दुसऱ्या विषयाच्या दारात नेऊन सोडी, आणि त्या दारातून परतण्याचे भान मला क्वचितच राही.

या चंचलतेला प्रवासाची जोड मिळाली ती पुढे. बालाघाटाच्या कुशीतील तालुक्याच्या गावी आमचे महाविद्यालय होते. तिथून जग पाहायचे म्हणजे पतसंस्थेचे कर्ज, साठवलेली आर्जित रजा आणि उत्तरपत्रिका तपासण्याचे मानधन, एवढेच भांडवल. घरच्यांना ही उधळपट्टी वाटे आणि सहकाऱ्यांना ती हौस वाटे. मी मात्र तिला संशोधन म्हणत असे. खरे तर ती हौसच होती आणि तिला संशोधनाचे नाव देण्यात थोडी लबाडीही होती, हे आता कबूल करायला हरकत नाही. मात्र माझ्या विखुरलेल्या आवडी एकमेकींना भेटल्या असतील, तर त्या प्रवासातच भेटल्या. घरच्या मेजावर त्या कधीच एकत्र बसल्या नाहीत.

अशा भेटीचे एक उदाहरण देतो. १९९७ साली लंडनमधील प्राच्यविद्या व आफ्रिकाविद्या संस्थेच्या ग्रंथालयात 'क्रिस्तपुराणा'चे देवनागरी हस्तलिखित मी पाहिले. फादर स्टीफन्सचे हे पुराण १६१६ साली रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या आरंभीच्या मुद्रित आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. जे हाती आले ते हस्तलिखितांवरून. आपल्या विद्यापीठांतून बहुतेकांनी ते वाचले ते १९०७ साली मंगळूरला निघालेल्या साल्ढाणा यांच्या रोमन आवृत्तीवरून, किंवा तिच्यावरून बेतलेल्या पाठांवरून. विल्यम मार्स्डेन यांच्या संग्रहातील ही देवनागरी पोथी जस्टिन अॅबट यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात उजेडात आणली. रोमन आणि देवनागरी पाठांत संज्ञांचा किती फरक आहे, हे मी वाचून जाणत होतो. पण तो फरक डोळ्यांपुढे पानावर उभा राहिला तेव्हा, बखरींच्या नकलांमधून माझ्या हाताला लागलेली पाठचिकित्सेची सवय या ख्रिस्ती पुराणाला आपोआप लावली गेली. त्या दुपारी माझ्या किराणा दुकानातील दोन पुड्या एकाच तराजूत पडल्या. तो आनंद मला अजून आठवतो.

हा लेख मात्र त्या आनंदाविषयी नाही.

एरिख आउअरबाख यांच्या 'मिमेसिस' या ग्रंथाशी माझा परिचय झाला तो विद्यार्थिदशेत. ओडिसिअसच्या मांडीवरील व्रण आणि अब्राहमचा पुत्रबळी यांना शेजारी ठेवून दोन वास्तवदृष्टींचा भेद दाखवणारे त्यातील पहिले प्रकरण वाचले, आणि समीक्षा म्हणजे काय असते याची माझी कल्पनाच बदलली. पण माझ्या मनात घर केले ते ग्रंथाच्या उपसंहाराने. नाझी राजवटीने मारबुर्गमधील अध्यापकपदावरून काढल्यावर आउअरबाख १९३६ साली इस्तंबूलला आले. १९४२ ते १९४५ या युद्धकाळात तिथेच हा ग्रंथ लिहिला गेला आणि १९४६ साली बर्न येथे प्रसिद्ध झाला. युरोपीय अभ्यासासाठी सुसज्ज ग्रंथालय त्या शहरात नव्हते आणि ते असते, सगळे संदर्भ हाताशी असते, तर कदाचित ग्रंथ लिहून झालाच नसता, अशा आशयाचे आउअरबाख तिथे सुचवतात.

तालुक्याच्या गावी ग्रंथालयाच्या सहा कपाटांत दिवस काढणाऱ्या अध्यापकाला हे वाक्य किती उपयोगी पडावे! मी ते अक्षरशः वापरून झिजवले. दर वर्षी एम.ए.च्या वर्गात साहित्यसिद्धान्ताचा आरंभ मी या कथेने करी. निर्वासित पंडित, परके शहर, हाताशी केवळ मूळ संहिता, आणि त्या अभावातून जन्मलेले शतकातील एक श्रेष्ठ समीक्षापुस्तक. एडवर्ड सईद यांच्या १९८३ मधील निबंधसंग्रहातून या कथेला सैद्धान्तिक बळ मिळाले होते. आपल्या संस्कृतीपासून तुटलेपण हीच समीक्षकाची दृष्टी होते, हे प्रमेय तेव्हा आम्हांला फार मोहक वाटे. शिवाय इकडे देशीवादाची चर्चा ऐन भरात होती. नेमाड्यांनी कोणाला ग्रंथ वाचू नका असे सांगितले नव्हते, पण त्या चर्चेतून मी मला सोयीचे तेवढेच उचलले. पश्चिमेच्या ग्रंथालयांपासूनचे आपले अंतर ही उणीव नसून भूमी आहे, असा एक लेख मी १९९४ साली लिहिला. तो काही ठिकाणी वाखाणला गेला. आज तो मला वाचवत नाही.

१९९६ साली आमच्याच वर्गातील एका विद्यार्थिनीला दक्षिणेकडील एका विद्यापीठात संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळाली. तिचा विषय जात्यावरच्या ओव्यांचा. आईच्या आणि आजीच्या तोंडच्या ओव्या तिने शाळेपासून वहीत उतरवल्या होत्या. ओवीतील ठरावीक चरण पुन्हा पुन्हा कसे येतात आणि गाणारी त्यांतून नवी ओवी कशी बांधते, हा तिचा प्रश्न होता. मौखिक रचनेच्या सिद्धान्ताचा तो अगदी गाभ्याचा प्रश्न. मिलमन पॅरी यांनी होमरविषयीच्या आपल्या तर्काची परीक्षा करण्यासाठी १९३० च्या दशकात युगोस्लाव्हियात जाऊन गायकांचे गाणे ध्वनिमुद्रित केले. त्यांचे शिष्य अल्बर्ट लॉर्ड यांनी १९६० साली त्यावर ग्रंथ लिहिला. तो ग्रंथ आमच्या सहा कपाटांत नव्हता. माझ्याजवळ होती ती पुण्यात काढलेली टिपणे, बावीस पाने.

तिच्या वडिलांचे मन मुलीला एवढ्या दूर पाठवायला तयार नव्हते. सर म्हणतील तसे करू, असा निरोप त्यांनी तिच्याकरवी पाठवला. ती माझ्याकडे आली. मी तिला आउअरबाखची कथा सांगितली. ग्रंथालय नसणे हे दुर्दैव नव्हे, तुझ्याजवळ ओव्यांची वही आहे, मूळ संहिता आहे, आणखी काय हवे, असे मी म्हणालो. माझी बावीस पाने तिला दिली. मनात असेही होते, हे लपवण्यात अर्थ नाही, की चांगली विद्यार्थिनी माझ्याकडेच पीएच.डी.साठी राहावी.

ती राहिली. तिने आराखडा लिहिला, तो एकदा परत आला, दुसऱ्यांदाही आला. शेरा होता, "संदर्भसाधने अपुरी." मी समितीला दूषणे दिली आणि अभिजनांच्या ग्रंथनिष्ठेवर वर्गात एक व्याख्यान दिले. पुढच्या वर्षी मी लंडनला गेलो. म्हणजे तिला ग्रंथांवाचून भागवायला सांगणारा मी, स्वतः कर्ज काढून एका पोथीसाठी सात समुद्रांपलीकडे गेलो होतो. ही विसंगती त्या वेळी माझ्या लक्षात आली नाही. परतलो तेव्हा तिचे लग्न ठरले होते. नोंदणीची मुदत नंतर आपोआप संपली.

इस्तंबूलला जायला मला २०१२ साल उजाडले. निवृत्तीचे पैसे हाती आले होते. तो प्रवास मी तीर्थयात्रेसारखा आखला होता: आउअरबाख राहत ते बॉस्फरसकाठचे बेबेक, बेयाझित चौकातील विद्यापीठाची भव्य कमान, तिच्या आसपासचा जुन्या ग्रंथांचा बाजार. सोबत 'मिमेसिस'ची पन्नासाव्या वर्षाची, २००३ मधील आवृत्ती होती. सईद यांच्या प्रस्तावनेसाठी मी ती मुद्दाम मागवून घेतली होती. प्रस्तावना अनेकदा वाचली होती, त्यापुढचा ग्रंथ पाठच होता. शेवटी काय जोडले आहे, ते नऊ वर्षांत मी उलटूनही पाहिले नव्हते.

पहिले दोन दिवस माझ्या समजुतीला पोषकच गेले. सुलेमानिये मशिदीच्या आवारातील दफनभूमीत दगडी पागोट्यांचे थडग्याचे दगड दाटीने उभे आहेत. त्यांवरील लेख अरबी लिपीतले, ऑटोमन तुर्की भाषेतले. १९२८ साली तुर्कस्तानने रोमन लिपी स्वीकारली आणि एका पिढीत वाचणाऱ्यांची साखळी तुटली. आउअरबाख यांनी १९३७ च्या आरंभी वाल्टर बेंजामिन यांना लिहिलेल्या पत्रात तरुण पिढीला जुने ग्रंथ वाचता येईनासे झाल्याची नोंद आहे. माझे वडील निजामी राजवटीत उर्दू माध्यमातून शिकलेले. अलिफ-बे मी त्यांच्या मांडीवर गिरवली होती. एका दगडापाशी मी बोट ठेवून अडखळत अक्षरे लावीत होतो. शेजारी एक तुर्की तरुण उभा होता. मी मोठ्याने उच्चारले, "मरहूम," आणि तो चमकून म्हणाला, "मरहूम!" खालच्या ओळीत "रूहूना फातिहा" होते. मला अक्षरे येत होती, त्याला भाषा येत होती. मी वाचायचे आणि त्याने समजून घ्यायचे, असे आम्ही चार दगड वाचले. त्यांतील एकावर त्याला कळेल असे नाव निघाले, आणि तो बराच वेळ त्या दगडाकडे पाहत राहिला.

मला त्या वेळी घरचे कुलकर्णी दफ्तर आठवले. आजोबांच्या हातची मोडी माझ्या मुलाला वाचता येत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून मोडी गेली, ती आपण कसलीही घोषणा न करता जाऊ दिली. तुर्कस्तानने तेच काम कायद्याने आणि समारंभपूर्वक केले, एवढाच काय तो फरक. तुलनात्मक अभ्यासाची सगळी परिभाषा बाजूला ठेवली, तरी त्या चार दगडांपाशी जे घडले त्याला तुलना हाच शब्द आहे. किराणा दुकान सार्थकी लागले, असे मी त्या रात्री रोजनिशीत लिहिले. लिहून झाल्यावर झोप येईना, म्हणून 'मिमेसिस' उघडले, आणि प्रथमच शेवटची पाने वाचली.

तिथे 'एपिलेगोमेना' हा आउअरबाख यांचा १९५३ मधील लेख जोडलेला आहे. समीक्षकांच्या आक्षेपांना दिलेली ती उत्तरे. त्यात ओघाओघात आउअरबाख सांगतात की, गलाता येथील सान पिएत्रोच्या डोमिनिकन मठात, पोटमाळ्यावरच्या ग्रंथालयात, मीन्य यांनी प्रसिद्ध केलेल्या पात्रोलोगियाचा संपूर्ण संच त्यांना सापडला होता. ते ग्रंथालय सार्वजनिक नव्हते. पोपचे इस्तंबूलमधील प्रतिनिधी रोंकाल्ली यांनी ते वापरण्याची परवानगी कृपावंत होऊन दिली. हे रोंकाल्ली म्हणजेच पुढे १९५८ साली तेविसावे जॉन या नावाने पोप झाले ते.

ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, मीन्यचा लॅटिन संच म्हणजे ख्रिस्ती आचार्यांच्या हजार वर्षांच्या लेखनाचे भांडार. 'मिमेसिस'मधील मध्ययुगाचे विवेचन ज्या 'फिगुरा' या संकल्पनेवर, म्हणजे एका घटनेने दुसरीची पूर्वखूण होण्याच्या कल्पनेवर उभे आहे, तिचा उगम याच आचार्यांच्या लेखनात आहे. युद्धकाळातल्या इस्तंबूलमध्ये पुष्कळ ग्रंथ नव्हते, हे खरेच. नवी नियतकालिके नव्हती, अद्ययावत संशोधन नव्हते. पण जे अत्यावश्यक होते ते एका पोटमाळ्यावर होते आणि तिथवर जाण्याचा परवाना मिळालेला होता. कादर कोनुक यांच्या २०१० मधील ग्रंथाने हा सगळा प्रश्न नव्याने उभा केला होता. १९३३ च्या सुधारणेनंतरचे इस्तंबूल विद्यापीठ हे ओसाड बेट नव्हते, तिथे जर्मन निर्वासित विद्वानांचा मोठा समुदाय होता, हे त्यांनी दाखवले आहे. तो ग्रंथ मी परतल्यावर वाचला. परंतु मला कोनुक यांचीही गरज नव्हती. खुद्द आउअरबाख यांनी साठ वर्षांपूर्वी सांगून ठेवलेली गोष्ट माझ्या पिशवीत नऊ वर्षे होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गलातच्या बुरुजाखालचा चढ चढून त्या चर्चपाशी गेलो. रस्त्यावरून चर्च दिसतच नाही, दिसते ते एक साधे दार. आजची इमारत फोसाती बंधूंनी १८४० च्या दशकात उभारली. आया सोफियाच्या डागडुजीचे कामही पुढे त्यांच्याकडेच होते. दार बंद होते. घंटा वाजवल्यावर एका वृद्ध माणसाने ते अर्धे उघडले, प्रार्थनेची वेळ सांगितली आणि लावून घेतले. संध्याकाळी पुन्हा गेलो. आवारात उभे राहून वर पाहिले, चर्चमध्ये पाऊण तास बसलो. पोटमाळा मला पाहता आला नाही. विचारण्याचे धाडसही झाले नाही, आणि विचारले असते तर कोणत्या अधिकाराने विचारले असते?

तो पाऊण तास मी कसला विचार केला ते सांगणे अवघड आहे. समीक्षेत आपण संहितेच्या मौनाविषयी पुष्कळ बोलतो. माझ्यापुढे जे होते ते संहितेचे मौन नव्हतेच. संहिता बोलली होती, वाचकाने तिथवर वाचले नव्हते. आणि वाचले नव्हते याचे कारण आळस एवढेच नसावे. उपसंहारातील अभावाची कथा मला हवी होती. ती माझ्या परिस्थितीला तत्त्वज्ञानाचा दर्जा देत होती. लेखक आपल्या ग्रंथाच्या शेवटी थोड्या विनयाने आणि थोड्या अभिमानाने जे म्हणतो, त्याचे मी प्रमेय केले, आणि ते प्रमेय एका मुलीच्या आयुष्याला लावले.

आणखी एक गोष्ट मला तिथे बसल्या बसल्या बोचत राहिली. धर्मानंद कोसंबींचे 'निवेदन' माझ्या आवडीच्या पुस्तकांतले, पालीकडे मी वळलो ते त्या वाचनाने. बुद्धाचा धर्म जाणण्यासाठी जे हवे होते ते गोव्यात नव्हते, म्हणून १८९९ साली हा माणूस घर सोडून निघाला. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, आणि जिथे पाली शिकता येईल तिथे, सिंहलद्वीपापर्यंत. पुढे हार्वर्डला वॉरन यांच्या अपुऱ्या राहिलेल्या 'विसुद्धिमग्गा'च्या संपादनासाठी १९१० पासून अनेक खेपा. तो ग्रंथ प्रसिद्ध झाला तो धर्मानंदांच्या निधनानंतर, १९५० साली. या चरित्रात ग्रंथांच्या अभावाचा गौरव कुठेही नाही. जे इथे नाही ते जिथे आहे तिथे जायचे, पायी जावे लागले तर पायी, एवढा साधा हिशेब आहे. आपल्याच भाषेतला हा दाखला माझ्या कपाटात असताना मी तिला इस्तंबूलची अर्धी कथा सांगितली होती. माझ्या अनेक विषयांपैकी एकाने दुसऱ्याला सावध करायला हवे होते. ते त्यांनी केले नाही, कारण ते निरनिराळ्या फडताळांत होते. आंतरविद्याशाखीयता हा शब्द मी पुढे कितीतरी चर्चासत्रांत वापरला आहे.

परतल्यावर 'एपिलेगोमेना'ची छायाप्रत घेऊन मी तिला भेटायला गेलो. ती आता जिल्ह्याच्या ठिकाणी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. सोळा वर्षांनंतरची ही भेट. घरात दोन मुले अभ्यास करीत होती. मी सगळी हकीकत सांगितली, क्षमेचा शब्द मात्र नीट उच्चारता आला नाही. तिने मध्ये काही न बोलता ऐकून घेतले. ओव्यांच्या वह्या आता अकरा झाल्या आहेत, असे ती म्हणाली. लॉर्डचा ग्रंथ तिने पुढे कुठूनसा मिळवून वाचला होता. माझ्या टिपणांत एक महत्त्वाचा भाग सुटला होता, तेही तिने सांगितले. त्यात तक्रारीचा सूर नव्हता.

"सर, तुम्ही जा म्हणाला असतात, तरी दादांनी पाठवलं असतं असं नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही आमच्या घरी आला असतात, तर त्यांनी ऐकून घेतलं असतं."

मी गप्प राहिलो. मग तिने छायाप्रत हातात घेतली आणि पोटमाळ्याच्या उल्लेखापाशी थांबून विचारले, "यांना आत जायला मिळालं कसं?"

मी रोंकाल्लींविषयी सांगितले.

"म्हणजे कुणीतरी शब्द टाकला," ती म्हणाली, आणि पान उलटले. थोड्या वेळाने मीन्यच्या लॅटिन संचाचे एकूण खंड किती, ते तिने विचारले. दोनशे एकवीस, मी सांगितले.